सातवीच्या तासाला पाचवीची मुलगी

हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या बाजारात मला अजून निवांत भाजी घेता येत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी भेंडीच्या ढिगाशी कुणीतरी गाठतंच. मॅडम, ओळखलं का, आमचा मुलगा आता तिसरीत आहे, फार शार्प आहे, वर्गात बोअर होतो म्हणतो, त्याला एकदम पाचवीत बसवता येईल का? मी भेंडीचं टोक मोडून बघत विचारते, "डबा कुणाबरोबर खातो?" समोरच्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं, की बाईंचं आता वय झालं.

वय झालंच आहे. पण हा प्रश्न मी खुर्चीवर होते तेव्हाही असाच विचारत होते.

जामबागेतल्या एका जुन्या शाळेत मी आधी विज्ञान शिकवलं आणि शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते. मराठी माणसांनी काढलेली शाळा. माध्यम कधीच इंग्रजी झालं, पण मराठी हा विषय आम्ही हट्टाने टिकवला. मुलं कमी होत गेली, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी उरली. ही एक तुकडी लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिनेच केला.

हुशार मुलाला मधला वर्ग गाळून पुढच्या वर्गात बसवायचं, याला आमच्याकडे डबल प्रमोशन म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुलाचा पेपर घ्यायचा, मार्क बघायचे, बसवून टाकायचं. पेपर सोपा असतो हो. मूल वरच्या वर्गाचा पेपर सोडवतं, पण तिथल्या मुलांशी त्याचं जमेल का, हे पेपरात कळत नाही. शिवाय पुढे दहावीच्या परीक्षेला वय कमी भरलं, तर सूट मागत हिंडावं लागतं. म्हणून माझी एक पद्धत होती. मुलाला आधी पंधरा दिवस वरच्या वर्गात नुसतं बसवायचं. हजेरी जुन्याच वर्गात. आणि त्या दिवसांत मी त्याचे पेपर बघत नसे, डब्याची सुट्टी बघत असे. मूल कुठे बसतं, कुणाच्या डब्यात हात घालतं, कोण त्याच्या डब्यात घालतं. ज्याच्या डब्यात वरच्या वर्गातल्या कुणाचाच हात जात नाही, ते मूल अजून खालीच आहे, मार्क काहीही पडोत.

ही अक्कल मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. मी स्वतः डबल प्रमोशनची आहे.

आमचं गाव बीदरकडचं. घरी शेती. आमच्या घराण्यात पदवीचं सर्टिफिकेट पहिलं आलं ते माझं, आणि ते मी अजून बैठकीच्या खोलीतच लावते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो, मिरवायलाच लावलं आहे. गावातल्या मास्तरांनी मला दुसरीतून उचलून चौथीत बसवलं. हुशारी होती, पण खरं कारण घाईचं होतं. पोरगी मोठी दिसायला लागली की शाळा सुटायची, हे मास्तरांनी पाहिलं होतं. ते माझ्या वडिलांना म्हणाले होते, हिला एक वर्ष वाचवून देतो, ते हिच्या शिक्षणाला लावा. वडिलांनी लावलं. हैदराबादला मामाकडे पाठवलं आणि मी बी.एस्सी. झाले. ते एक वर्ष नसतं, तर हा लेख लिहायला मी बसले नसते. पण त्या वर्षाची दुसरी बाजूही सांगते. मोठ्या मुलींच्या खेळात मी दहावीपर्यंत कच्चं लिंबू होते. आऊट झाले तरी कुणी धरायचं नाही, आणि जिंकले तरी कुणी मोजायचं नाही.

तेव्हा डबल प्रमोशनच्या मी विरोधात आहे असं कुणी समजू नये. आणि बाजूनेही आहे असं समजू नये.

नमुने पुष्कळ भेटले. पुण्याहून नोकरीसाठी आलेले एक इंजिनियर वडील लॅपटॉप घेऊन आले होते. त्यांनी मुलाच्या बुद्धीवर रंगीत आकृत्या केल्या होत्या. मुलगा पहिलीतला. वडील आकृत्या दाखवत होते तेवढ्यात तो माझ्या टेबलाखाली शिरला आणि शिपाईमामांनी लावलेल्या डास मारायच्या वडीचा वास घेत बसला. मी वाकून विचारलं, शाळेत सगळ्यात काय आवडतं? तो म्हणाला, "बेल." वडिलांना मी म्हटलं, साहेब, घेऊन जा आणि बेल ऐकू द्या अजून एक वर्ष. ते रागावले. पुढे त्यांनी त्याला दिलसुखनगरच्या एका कोचिंगमध्ये घातलं असं ऐकलं. तिथे सहावीच्या मुलांनाही आता इंजिनियरिंगच्या परीक्षेसाठी तयार करतात.

पण मला सांगायची आहे ती श्रावणी.

सुरुवात तिच्या भावापासून झाली. एके दिवशी आमच्या गणिताच्या लक्ष्मी टीचर सहावीतल्या महेशची वही घेऊन माझ्याकडे आल्या. लक्ष्मी टीचर तेलुगू, बोलायला तिखट, शिकवायला पक्क्या. त्यांचं म्हणणं, हा पोरगा वर्गात फळ्याशी उभा केला की खांबासारखा उभा राहतो, आणि घरचा अभ्यास मात्र एकूण एक बरोबर. कॉपी म्हणावी, तर रीत कुणाचीच नाही. त्यांनी मला एक उदाहरण दाखवलं. एक घंटा दर बारा मिनिटांनी वाजते, दुसरी दर अठरा मिनिटांनी, तर दोन्ही एकत्र कधी वाजतील? वर्गात अवयव पाडून करायला शिकवलेलं. या वहीत फक्त लिहिलं होतं: अठरा, छत्तीस. आणि छत्तिसाला गोल.

महेशला बोलावलं. असं का केलं विचारलं. तो जराही न लाजता म्हणाला, "मोठी घंटा मोजत जायची टीचर, लहान आपोआप येते."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"श्रावणीने."

"श्रावणी कोण?"

"माझी बहीण. पाचवीत आहे. गणित घरी तीच करते ना."

जसं काही घरोघरी बहिणीच गणित करतात. लक्ष्मी टीचर आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर त्या पाचवीच्या वर्गात गेल्या आणि श्रावणीला शेजारी बसवून तासभर प्रश्न विचारत राहिल्या. परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडम, ही पापा पाचवीत काय करते आहे?" तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात.

पोरांचे वडील माधवराव. चिक्कडपल्लीत त्यांची पिठाची गिरणी, मूळ माणसं आमच्याच भागातली. त्यामुळे ते मला मॅडम म्हणत नसत, बाई म्हणत. मी त्यांना बोलावून सांगितलं, की मुलगी अपार हुशार आहे, तिला सहावीत बसवून बघू. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हणताव तर बसवा बाई. पण तिथं महेश हाय." मी म्हटलं, असू दे, भाऊ आहे, सोबत होईल. एकच तुकडी, दुसरीकडे बसवणार तरी कुठे?

श्रावणी सहावीत बसायला लागली. बारीक चणीची, दोन वेण्या, बोलणं कमी. अभ्यासात तिला काहीच अडलं नाही. पहिल्या आठवड्यातच लक्ष्मी टीचरनी प्रश्न विचारला की वर्ग आपोआप तिच्याकडे बघायला लागला. मी खूश. खरं सांगायचं तर मला तिच्या जागी मी दिसत होते, आणि या पोरीला एक वर्ष वाचवून द्यायचंच असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

पण डब्याची सुट्टी वेगळंच सांगत होती. पाचवीचा वर्ग खाली, सहावीचा वर. पहिले दोन दिवस ती खाली जाऊन जुन्या मैत्रिणींत बसली. मग वर बसली, एका टोकाला. आणि नंतर एके दिवशी पाहिलं तर जिन्यात. ना वर, ना खाली. मांडीवर डबा, त्यात पोळी तशीच.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्या खोलीत आली. "बाई, मला परत पाचवीत पाठवा."

मी विचारलं, जड जातंय का? नाही म्हणाली. कुणी चिडवतं का?

"मला नाही चिडवत."

मुलांना गप्प बसू द्यावं लागतं, हे या नोकरीत शिकायला मला फार वर्षं लागली. मी कागद चाळत बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दादा आता मला काही विचारतच नाही."

संध्याकाळी गिरणीच्या मागच्या खोलीत दोघं अभ्यासाला बसत. तो विचारायचा, ती सांगायची. त्याला नाही कळलं तर ती दुसऱ्या तऱ्हेने सांगायची, तरी नाही कळलं तर तिसऱ्या. तिच्या त्या सगळ्या विचित्र रीती अशाच निघालेल्या, त्याला समजावता समजावता. आता तो वही घेऊन रस्त्याकडच्या कट्ट्यावर जाऊन बसत होता आणि सगळं चुकीचं सोडवून आणत होता.

महेशला बोलावलं. तो बोलेना. मी इतर मुलांकडून काढून घेतलं ते असं, की वर्गातली पोरं त्याच्यामागे लागली होती. "क्या मियाँ, छोटी बहन से ट्यूशन लेते?" टीचरनी श्रावणीला शाबासकी दिली, की मागच्या बाकावरून कुणीतरी महेशला टपली मारायचं. घरात बहिणीला विचारण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता, कारण तिथे तुलना करायला कुणी नव्हतं. आम्ही तिला त्याच्या बाकाला बाक लावून बसवलं आणि तुलना सुरू करून दिली.

त्याच आठवड्यात त्यांची आई आली. हातांवर पीठ तसंच होतं, गिरणीतून उठूनच आली असावी. म्हणाली, "बाई, माझं लेकरू मुकं झालंय. पोरगी हुशार हाय, ती कुठंबी शिकंल. याला आता पुस्तक उघडायची लाज वाटती."

माझं डोकं फिरलं. पोरासाठी पोरीने थांबायचं, हे ऐकत मी मोठी झाले आहे. मी तिला जरा कडकच बोलले, की तुमच्या मुलाच्या लाजेपायी मी मुलीला मागे ओढणार नाही, असलं आपल्या गावाकडे फार झालं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मागं ओढा म्हणलं का मी? दोघंबी माझीच हायेत. कोणतं एक निवडू, तुमीच सांगा."

श्रावणीला पाचवीत परत पाठवावं, तर ज्या पोरीला गणिताची एवढी भूक, तिला आम्ही उपाशी ठेवणार. सहावीत ठेवावं, तर ज्याच्यासाठी ती गणित करत होती, तोच तिच्यापासून तुटणार. मी स्टाफरूममध्ये जाऊन हे सगळं लक्ष्मी टीचरपुढे मांडलं. त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खाली नक्को मॅडम. वर पाठवू."

"वर म्हणजे?"

"सातवीत. फक्त मॅथ्सला. बाकी सगळं पाचवीत, तिच्या मैत्रिणींत."

मला आधी वाटलं, या थट्टा करताहेत. एका वर्गाने एवढं रामायण झालं आणि या दोन वर्ग सांगताहेत. पण विचार करत गेले तसं पटत गेलं. बाकी विषयांत ती चांगली होती, अफाट नव्हती. हिंदी तर यथातथाच. सगळी मुलगी उचलून पुढे ठेवायची गरजच काय होती? जेवढी पुढे आहे तेवढीच पुढे न्यावी. आणि सातवीत गेली, की भावाच्या डोळ्यासमोरून हलते.

ठरवणं सोपं, पण शाळेत काहीही ठरवलं की ते शेवटी वेळापत्रकात बसवावं लागतं. पाचवीचा गणिताचा तास आणि सातवीचा गणिताचा तास एकाच वेळी आला पाहिजे, नाहीतर पोरीचा दुसरा कुठला तरी विषय बुडतो. ऐकायला किरकोळ. पण आमच्या तेलुगूच्या टीचर फक्त सकाळी येत, कॉम्प्युटरची खोली एकच, मैदान दोन वर्गांना मिळून. एक तास हलवला की त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. रविवारी मी घरी फरशीवर पुठ्ठ्याचे तुकडे मांडून बसले. शेवटी जमलं, पण खेळाच्या सरांचा तास भर दुपारी उन्हात गेला. ते महिनाभर माझ्याशी हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत. एका मुलीसाठी सगळी शाळा हलवली असं कमिटीतल्या एकांनी ऐकवलं. मी म्हटलं, हो, हलवली. आयुष्यात मी बरीच वेळापत्रकं केली, पण त्याच्याइतकं देखणं दुसरं नाही झालं.

सातवीत पहिला महिनाभर श्रावणीची दमछाक झाली. पहिल्यांदाच तिला गणितात काहीतरी येत नव्हतं. लक्ष्मी टीचर म्हणायच्या, चेहरा बघा मॅडम, किती खूश आहे. तास संपला की ती धडधड जिना उतरून खाली यायची आणि पाचवीच्या घोळक्यात डबा उघडायची. मी वरून बघायची. तिच्या डब्यात हात जात होते.

काही दिवसांनी ज्वारी दळायला म्हणून मी मुद्दाम त्यांच्या गिरणीवर गेले. मागच्या खोलीत दोघं पोत्यांना टेकून बसली होती, मला त्यांनी पाहिलं नाही. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून श्रावणी काहीतरी सांगत होती आणि महेश वैतागून म्हणत होता, "अगं हळू सांग ना. तू सातवीत असशील, मी सहावीतच आहे." माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिरणी थोडा वेळ बंद केली.

ही गोष्ट इथे थांबवली असती तर मला जास्त आवडलं असतं. पण खरं ते सगळं सांगायला हवं. श्रावणी अशी दरवर्षी दोन वर्ग वर गणित करत गेली. आठवीत असताना तिने दहावीचं गणित संपवलं. मग वर वर्गच उरला नाही. नववीत गणिताच्या तासाला तिला शिकवावं असं आमच्याकडे काही नव्हतं. लक्ष्मी टीचरनी कॉलेजची पुस्तकं आणून दिली, जमेल तेवढं स्टाफरूममध्ये शिकवलं, पण पुष्कळ वेळा ती मागच्या बाकावर एकटी काहीतरी सोडवत बसलेली दिसायची. सबंध मुलीला तेव्हाच एक वर्ष पुढे घातलं असतं, तर ही रिकामी दोन वर्षं निदान एकावर आली असती, असं मला तेव्हा वाटायचं. अजून वाटतं. माझ्या मास्तरांनी मला जे वर्ष दिलं, ते मी तिला दिलं नाही.

गेल्या दसऱ्याला दोघं जम्मीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून द्यायला घरी आली. श्रावणी आता इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात आहे, महेश पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला. दहावीला त्याचं गणित सुटलं तेही तिच्यामुळेच, ती नववीत रिकामी होती ना. माझ्या मनातलं मी तिला विचारून टाकलं, की तुला पूर्ण पुढे घातलं नाही, याचा राग आहे का?

ती म्हणाली, "राग नाही, बाई. पण नववीत फार कंटाळा आला. ते खोटं कशाला सांगू?"

मला बरं वाटलं, खोटं न बोलल्याचं. मग मी महेशकडे वळले. तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का रे?

"वाटलं होतं ना," तो म्हणाला. "माझ्या वर्गात होती तेव्हा ती माझ्याच पुढे होती. सातवीत गेली, मग सगळ्यांच्याच पुढे गेली. त्याची काय लाज?"

श्रावणी हसली. म्हणाली, कॉलेजात मात्र आता ती पहिली नाही. वर्गात दोघी मुली आहेत, एक वरंगलची, एक इथलीच, त्या गणितात तिच्याही पुढे आहेत. पहिल्या आठवड्यात तिला झोप लागली नव्हती म्हणे.

"बरं झालं," महेश म्हणाला. "आता तूही कुणाला तरी विचार."

"विचारते की," ती म्हणाली. "डबा तर त्यांच्याबरोबरच खाते मी."